गहू नसलेलं घर

आमची मुलगी पहिल्या वर्षी इतकी गुटगुटीत होती की घरमालकीण काकू तिला कडेवर घेऊन दोन पायऱ्या चढल्या की दम खायला थांबायच्या. पुढच्या काही महिन्यांत त्याच काकू तिला एका हातानं उचलू लागल्या आणि एकदा मला म्हणाल्या, "ताई, पोरगी हलकी लागाय लागलीया. खाती न्हवं?"

खात होती. तेच तर कोडं होतं.

आम्ही लातूरकडचे. नवऱ्याला हिंजवडीतल्या कंपनीत नोकरी लागली म्हणून मारुंजीत राहायला आलो. काकूंच्या घरच्यांनी आपल्या राहत्या घरावर मजले चढवून आमच्यासारख्यांसाठी खोल्या काढल्या होत्या. खाली ते राहायचे, मागं गोठा होता आणि गोठ्यात एक तांबडी गाय. आजूबाजूची जनावरं एकेक करून विकली गेली होती; काकूंनी ही ठेवली होती. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना एका बाजूला भाताची खाचरं दिसायची आणि दुसऱ्या बाजूला सिमेंटचे खांब.

मुलगी वर्षाची झाल्यावर मी तिला पोळी सुरू केली. दुधात कुस्करलेली पोळी, रव्याची खीर, चहाच्या बशीत भिजवलेलं बिस्कीट. तिला ते सगळं आवडायचं. आणि महिन्याभरातच तिचं पोट फुगायला लागलं. हात-पाय काड्यांसारखे, पोट मात्र टम्म. शी वारंवार व्हायची, फेसाळ आणि इतक्या वासाची की सगळ्या खिडक्या उघडाव्या लागायच्या. चालायला शिकलेली पोर पुन्हा बसून राहू लागली. खेळणं दिलं तरी रडायची, काढून घेतलं तरी रडायची.

डॉक्टर झाले. जंतांचं औषध झालं, दूध बदलून झालं. दात येताहेत म्हणून झालं. काकूंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. गावाकडून सासूबाई फोनवर म्हणायच्या, "लेकराला तुपात भिजवून पोळी चार. पोळीनं अंग धरतं." ते मला पटायचं. ती जितकी वाळायची तितकी मी जास्त पोळी भरवायचे.

शेवटी कुणीतरी पुण्यातल्या, मुलांच्या पोटाचे विकार बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी आधी मुलीशी गप्पा मारल्या, तिच्या दंडाचं कातडं चिमटीत धरून पाहिलं आणि मग मला एक प्रश्न विचारला जो तोवर कुणीच विचारला नव्हता.

"हिनं पहिल्यांदा पोळी कधी खाल्ली?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि दुखणं?"

मी बोटांवर महिने मोजले. दोन्ही उत्तरं एकाच ऋतूतली होती.

रक्त तपासलं, मग दुर्बीण घालून आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासला. निकाल आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बेसिनजवळचा खरबरीत टॉवेल उचलून आमच्यासमोर धरला. "आतड्याचं अस्तर असं असतं. हे धाग्यांचे वेढे दिसतात ना, ते अन्नातलं सत्त्व शोषून घेतात. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं, ते हिच्या शरीराला शत्रू वाटतं. त्याच्याशी लढताना हे वेढे झिजून गेलेत." मग त्यांनी तपासणीच्या पलंगावरच्या चादरीवरून तळवा फिरवला. "सध्या हिचं आतडं असं सपाट आहे. पुन्हा उगवेल. पण गहू पूर्ण बंद. मैदा, रवा, शेवया, जव, सगळं. चिमूटभरसुद्धा नाही."

नवरा म्हणाला, "किती दिवस?"

"कायम."

"औषध?"

"औषध नाही. ताटातून गहू काढायचा, बस."

बाहेर आल्यावर मुलीनं सवयीनं माझ्या पर्सकडे हात केला. त्यात बिस्किटाचा पुडा होता. मी तो काढला, आणि त्याचं काय करावं ते मला कळेना. शेवटी नवऱ्यानं तो घेऊन रिक्षावाल्याला दिला. रिक्षावाला खूश झाला, मुलगी वारज्यापर्यंत रडत आली.

त्या संध्याकाळी मला रडू यायला हवं होतं. थोडं आलंही. पण त्याहून जास्त मला हे ग्लूटेन म्हणजे आहे तरी काय, ते बघायचं होतं. मी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली, लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग डाग काढण्यापलीकडे झाला नव्हता. कॉलेजातल्या एका प्रात्यक्षिकाची अंधूक आठवण होती. दुसऱ्या दिवशी मी घरातल्या पिठाची शेवटची कणीक मळली, घट्ट गोळा केला आणि तो नळाखाली धरून चोळत बसले. पांढरं पाणी वाहत राहिलं. गोळा लहान लहान होत गेला आणि शेवटी हातात राहिला एक पिवळट, चिवट लगदा. ओढला की लांब व्हायचा, सोडला की आखडायचा.

काकू दूध द्यायला वर आल्या होत्या. दारातच थांबल्या. "ह्ये काय वो? चिंगम?"

"काकू, हेच ते. हे हिला चालत नाही."

त्यांनी बोटानं दाबून पाहिलं. "आमी ल्हानपनी कच्चं गहू चावून चावून असंच करायचो. दिसभर तोंडात."

"आम्हीपण," मी म्हटलं. लातूरलाही मुलं तेच करायची. आम्ही दोघी तो लगदा दोन बाजूंनी ओढत उभ्या राहिलो. त्यात वाईट असं काही दिसत नव्हतं. वासही नव्हता. पोळीला मऊपणा येतो, ती फुगते, घडी घातली तरी मोडत नाही, ते सगळं या चिवटपणामुळं. नवरा आल्यावर मी त्यालाही दाखवलं. त्यानं दिव्यासमोर धरून बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे ज्याच्यासाठी गहू घेतो तेच हिला नको."

मग घर बदलायला सुरुवात झाली. गहू तिच्या ताटातून काढायचा की घरातून, हा पहिला प्रश्न. नवऱ्याचं जेवण पोळीशिवाय होत नसे. पण दोन वर्षांचं पोर घरभर रांगतं, फिरतं, खाली पडलेला प्रत्येक कण तोंडात घालतं. नवराच म्हणाला, "मी कंपनीच्या कँटीनमध्ये खाईन. घरात नकोच." पिठाचा डबा रिकामा झाला. पोळपाट-लाटणं लाकडाचं, त्याच्या चिरांत पीठ बसलेलं. ते काकूंना दिलं. तवा नवा आणला. हिंगाच्या डबीवरचे बारीक शब्द वाचले तर हिंगातही गव्हाचं पीठ! मी कितीतरी वेळ ती डबी हातात घेऊन उभी होते. आयुष्यभर वरणाला फोडणी दिली आणि कधी विचारलं नाही की हिंगात हिंगाशिवाय काय असतं. तेव्हापासून मला खोडच लागली. दुकानात उभी राहून सॉसच्या बाटल्या, सूपची पाकिटं, गोळ्या-चॉकलेटं वाचायची. दुकानदाराला वाटायचं मी सरकारी तपासनीस आहे.

गिरणीचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. गावातल्या गिरणीत गहू, तांदूळ, ज्वारी सगळं आगेमागे दळलं जायचं, आणि गिरणीवाल्याच्या भुवयाही पिठानं पांढऱ्या असायच्या. तो म्हणाला, "ताई, सकाळच्याला पयलं तुमचं दळून दितो." पण त्याच्या जात्यात आदल्या दिवशीचा गहू असणारच. शेवटी आम्ही घरघंटी घेतली. कपाटाएवढी ती पेटी स्वयंपाकघरात आली आणि फ्रिज बाहेरच्या खोलीत गेला. सुरू केली की खालच्या मजल्यावर विमान उतरल्यासारखं वाटायचं, असं काकूंचं म्हणणं.

पीठ आलं, भाकरी येईना. काकूंकडं तांदळाची भाकरी रोजची. त्यांनी उकळत्या पाण्यात पीठ भिजवून मळून दाखवलं. त्यांची भाकरी चंद्र, माझी महाराष्ट्राचा नकाशा. नवरा ती उचलून म्हणायचा, "आज कोकण तुटलंय." मुलगी मात्र नकाशाही खायची. आणि दोनेक आठवड्यांत एका सकाळी ती बाहुली घेऊन स्वतःशीच हसली. कारण काही नव्हतं. मी आणि नवरा दाराआडून बघत राहिलो. किती महिन्यांनी तो आवाज ऐकला होता.

दिवाळीला सासूबाई आल्या. आल्या आल्या त्यांनी डबे उघडून पाहिले आणि ज्वारीच्या डब्यापाशी थांबल्या.

"गहू कुठंय?"

सगळं फोनवर सांगितलेलं होतं. पण त्यांना वाटलं होतं, नातीपुरतं असेल. त्या खाली बसल्या. "आमच्या घरी पोळी सणालाच व्हायची गं. तीबी गड्यामाणसांपुरती. पोरं शिकली, नोकरीला लागली, आता रोज पोळी खातात, हे मी चार बायांत सांगत असते. आन तुम्ही इथं कंपनीच्या गावाला येऊन पुन्हा ज्वारीवर आलाव?"

त्यांच्या लेखी भाकरी म्हणजे मागं टाकून आलेली गोष्ट होती. मी टॉवेलचं सांगितलं, चादरीचं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण नजर नातीच्या पायांकडं होती. पायांवर जरा मांस आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेगडी खाली जमिनीवर ठेवायला लावली. "उभं राहून भाकरी होत नसती." मांडी घालून बसल्या, परातीत पीठ ओढलं आणि थापायला लागल्या. मुलगी समोर बसून बघत होती. मग तीही जमिनीवर हात आपटू लागली, अगदी त्याच तालात. सासूबाईंनी पहिल्या भाकरीचा पापुद्रा काढून, त्यावर लोणी लावून तिच्या हातात दिला. तिनं तो संपवला आणि पुन्हा हात पुढं केला.

"खाती की गं," सासूबाई म्हणाल्या. जायच्या दिवसापर्यंत त्यांनी ती शेगडी कुणाला वर ठेवू दिली नाही. करंज्या तेवढ्या फसल्या. तांदळाच्या पिठाच्या पाऱ्या तेलात उघडून सारण सगळं तेलभर झालं. आम्ही ते गाळून चमच्यानं खाल्लं.

त्या गेल्या, हिवाळा आला, आणि मुलीचं पोट पुन्हा फुगलं.

आधी आम्हाला वाटलं, सर्दी-खोकल्याचं असेल. मग शीचा तोच वास आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठून तरी गहू जातोय. शोधा."

घरात गहू नव्हता. हिंग बदललेला. मसाले घरी कुटलेले. तांदूळ आणि ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून मीच दळत होते. मी सासूबाईंना फोन केला, आडून आडून विचारलं की इथं असताना कधी चुकून एखादं बिस्कीट... त्या फाडकन म्हणाल्या, "मी काय लेकराला इख घालीन का?" आणि फोन ठेवला. नवऱ्यानं संध्याकाळी पुन्हा लावला, तेव्हा कुठं निवळल्या आणि त्यांनीच उलट विचारलं, "तुमच्या त्या मालकीणबाईला विचारलं का?"

काकूंना विचारायची गरज वाटत नव्हती. त्यांनी आपल्या घरात सगळ्यांना ताकीद दिली होती. मुलगी खाली गेली की तिच्या हातावर गूळ-शेंगदाणे किंवा केळं पडायचं. त्यांच्याकडे जेजुरीचा प्रसाद आला तेव्हाही त्यांनी आधी वर येऊन विचारलं होतं, "ह्यात काय चालतं, काय न्हाई, तूच बघ."

मग आम्ही घरात शोधू लागलो. नवरा कंपनीतून आला की दारातच शर्ट बदलू लागला, न जाणो बाहीला पोळीचा कण असेल. मी मुलीचे रंगीत खडू तपासले, टूथपेस्ट तपासली. दिवसभर मी तिच्या मागं फिरायचे. ती काय उचलते, कुठं बसते, तोंडात काय घालते. असं कुणाकडं इतकं बारकाईनं मी आजवर पाहिलं नव्हतं. ती मुंगीशी बोलते, डाव्या हातानं खाते, पायरी उतरताना भिंतीला "थांब" म्हणते, हे सगळं मला त्या दिवसांत कळलं. गहू मात्र सापडेना.

सकाळचा एक वेळ तेवढा माझ्या नजरेबाहेर होता. मी नवऱ्याचा चहा-नाश्ता करायचे तेव्हा ती काकूंबरोबर गोठ्यात जायची. ते तिचं आवडतं काम होतं. काकू रोज कणीक मळून झाली की पहिला गोळा गुळाच्या खड्यासकट गाईला द्यायच्या. दिवाळीनंतर तो द्यायचा मान आमच्या मुलीला मिळाला होता. गाईची खरखरीत जीभ तळहाताला लागली की ती किंचाळून हसायची, ते वर ऐकू यायचं. हे मला माहीत होतं, आणि छानच वाटायचं. गाईचं खाणं हे आमच्या शोधात बसतच नव्हतं.

एका सकाळी गॅस संपला. नाश्ता राहिला, म्हणून मी तिला आणायला खाली गेले. काकू गोठ्याच्या एका अंगाला शेण भरत होत्या, पाठ आमच्याकडं. मुलगी गाईसमोर उभी होती. तिनं हातातल्या गोळ्याचे दोन भाग केले. एक तळहातावर ठेवून पुढं केला. "हे तुला." गाईनं तो घेतला. मग दुसरा तिनं शांतपणे आपल्या तोंडात घातला. "हे मला."

हसू आलं की रडू, मला आजही सांगता येणार नाही. पुढं होऊन मी तिच्या तोंडात बोट घातलं, कणीक बाहेर काढली. ती भोकाड पसरून रडायला लागली. काकू वळल्या. माझ्या बोटावरची कणीक त्यांनी पाहिली आणि त्यांच्या हातातली पाटी खाली आली.

"म्या न्हाई दिलं, ताई. गाईला दिलं."

"मला माहितीये, काकू."

"रोजच खात आसंल का ही?"

त्याचं उत्तर तिच्या पोटाकडं बघून दोघींनाही कळत होतं. काकू हात धुऊन आत गेल्या.

नंतर त्या वर येईनात. दूध त्यांची सून आणून द्यायची. मीच खाली गेले. काकू ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या.

"काकू, राग आला का?"

"राग कशाचा. माज्याच हातानं त्या लेकराच्या पोटात जात व्हतं, त्येचं वाईट वाटतंया. तुमी वर समदं धुतलं-पुसलं, पोळपाट बी मला दिला, आन हितं माजं रोजचं चालूच."

"तुम्हाला काय माहीत! मी सगळं घर शोधलं, गाईपर्यंत मीसुद्धा पोचले नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मग आता कसं करायचं? गोठ्यात येऊ नको म्हनलं तर ती ऐकायची न्हाई."

मीही त्याच विचारात होते. तिचं हसू परत आलं होतं, त्यातलं निम्मं गोठ्यातलं होतं. ते बंद करायचं माझ्या जिवावर आलं होतं.

काकूच म्हणाल्या, "तांदळाची भाकरी दिऊ की गाईला. तिला काय, मागल्या आठवड्यात पेपर खाल्ला तिनं." आणि मग, "पर भाकरी तुमच्या मशीनमधल्या पिठाची पायजे. तुमी पीठ द्या, मी थापते."

तसं ठरलं. रोज सकाळी मी वाटीभर पीठ, आमची परात आणि तवा खाली न्यायचे, काकू भाकरी करायच्या, आणि गाय व मुलगी ती वाटून खायच्या. गाईनं पहिल्या दिवशी भाकरी हुंगून तोंड फिरवलं. तिला कणकेची सवय. मुलीनं गूळ लावून पुन्हा पुढं केली तेव्हा खाल्ली. नवऱ्याला कुतूहल होतं की गाईला गहू कसा चालतो. तो आंतरजालावर काहीबाही वाचून आला आणि जेवताना गाईच्या पोटाच्या कप्प्यांविषयी सांगत बसला, इतकं की मुलीनं स्वतःचे कप्पे मोजायला फ्रॉक वर केला.

पोट पुन्हा बसलं. उन्हाळ्यात तिचे फ्रॉक आखूड झाले. पुढच्या वर्षीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा निकाल बघून मान हलवली आणि म्हणाल्या, "छान. चादरीचा टॉवेल होतोय." नवऱ्यानं घरी येऊन सासूबाईंना फोनवर तेच वाक्य सांगितलं. त्यांना ते कळायला बराच वेळ लागला.

मुलगी चार वर्षांची झाली त्या सुमाराला काकू आम्हाला नांद्याला घेऊन गेल्या. तिथं त्यांचं माहेर. भावांच्या शेताला लागून इमारती उठत होत्या, पण भात काढल्यावर एका तुकड्यात त्यांनी गहू केला होता. माघ महिना, ओंब्या भरल्या होत्या. मुलगी बांधावर उभी राहिली.

"हाच का गहू?"

"हाच."

"हात लावला तर चालतो?"

"हात लावलेला चालतो."

तिनं एक ओंबी हळूच धरली, गालाला लावली आणि चटकन मागं झाली. "टोचतो!" मग काकूंकडं वळून, "म्हणून मला नको ना?"

मी आतड्याचं सांगायला सुरुवात करणार तोच काकू म्हणाल्या, "व्हय, म्हनूनच."

"पण बाबांना टोचत नाही. तुम्हालापण नाही."

"न्हाई टोचत."

तिला ते पटलं नव्हतं. ती बांधावर उकिडवी बसून ओंबीचं एकेक कुसळ उलटसुलट करून बघू लागली. तेवढ्यात चिमण्यांचा एक थवा शेतात उतरला आणि दाणे टिपायला लागला. ती उभी राहिली.

"आई, सगळ्या चिमण्यांना चालतो का? की एखादीला नाही चालत?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. काकूंनाही माहीत नव्हतं. तिनं आम्हा दोघींकडं पाहिलं, मग चिमण्यांकडं, आणि त्यांतली कोणती खात नाहीये ते शोधायला ती बांधावरून पुढं चालू लागली. ऊन चढेपर्यंत आम्ही दोघी तिच्या मागोमाग फिरत होतो.